दोन घरांची गाय

मी गाय बोलतेय. अंगानं तांबूस, उजव्या कानाला पिवळा बिल्ला, शिंगं बेताची. फार शहाणी आहे असा माझा दावा नाही. माझ्याबद्दल माणसांनी जेवढं लिहून ठेवलंय तेवढं मला स्वतःला ठाऊक नसेल. पण त्यांनी लिहिलेलं आणि माझ्यावर गुदरलेलं यांचा काही केल्या मेळ बसेना, म्हणून तोंड उघडलं. चुकलंमाकलं तर गाय म्हणून सोडून द्या.

माझा जन्म मेकाँग नदीचं पाणी दरवर्षी जिथं उंबऱ्याशी येऊन परत फिरतं अशा गावचा. आईची आठवण म्हणजे तिच्या पोटाखालची ऊब आणि संध्याकाळी डासांसाठी पेटवलेल्या ओल्या पेंढ्याचा धूर. त्या धुरात तिची माया आणि डोळ्यांची चुरचुर दोन्ही मिसळलेलं होतं. अजूनही कुठं तसा धूर आला की कशानं डोळे भरले ते मला ओळखता येत नाही.

वेसण टोचली तेव्हा मी कालवडच होते. व्यापाऱ्यानं मला बाजारात आणलं, आणि तिथं गरिबांना गाई वाटणाऱ्या एका संस्थेचा खरेदी बघणारा माणूस माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"ही? हिच्या बरगड्यांवर तर कपडे वाळत घालता येतील," तो म्हणाला.

"साहेब, कागदावर धष्टपुष्ट करू की. कागदाला काय चारा लागतो?"

दोघं हसले. व्यापाऱ्यानं पावतीवर अंगठा उठवला, साहेबानं शिक्का मारला, आणि उभ्याउभ्या मी पूर्ण वाढलेली गाभण गाय झाले. पोटात माझ्या सकाळपासून काडी नव्हती. अशा गाईची किंमत आणि माझी किंमत यांतला फरक कुठं गेला, ते मला सांगता येणार नाही. गाईची नजर माणसाच्या खिशाच्या उंचीवर असते खरी, पण आतलं दिसत नाही.

वाटपाच्या दिवशी मांडव घातला होता. आम्ही सगळ्या गाई उन्हात आणि भाषणं सावलीत. विराक नावाच्या तरुण माणसानं नियम वाचून दाखवले. त्या भागातल्या गावांचं काम तो बघायचा. गाय विकायची नाही. गाय स्वतःच्याच घराखाली बांधायची. पहिली कालवड झाली की ती संस्थेला परत, म्हणजे यादीतल्या पुढच्या गरिबाला देता येईल. सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांत जास्त मान हलवली यिम आजीनं, कारण तिला ऐकूच कमी येत होतं. मग माझ्या कानाला बिल्ला टोचला, माझं दावं तिच्या हातात दिलं, आणि आमचा दोघींचा फोटो काढला. फोटोत ती हसतेय आणि मी डोळ्यांचं पांढरं दाखवतेय, असं म्हणतात.

यिम आजी एकटी. नवरा गेलेला, मुलगी सीमेपलीकडं कामाला. घर चार हात उंच खांबांवर, झावळ्यांचं छप्पर, आणि घराखालची सगळी जागा माझी. रात्री फळ्यांच्या फटींतून तिची कूस बदलल्याचा आवाज यायचा. बोलायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती माझ्याशी बोलायची. "तांबी, आज मासळीला वास फार होता गं." "तांबी, पोरीचा फोन नाही." मी रवंथ करायची. दुसरं काय करणार? पण ऐकणारं कुणी असलं की माणसाचा निम्मा भार उतरतो, हे मला तिच्याकडं कळलं.

हाल होते ते गवताचे. बांधावरून विळ्यानं गवत कापून भारा डोक्यावर आणायचा, आणि गुडघे तिचे असे की पायरी चढताना ती आधी गुडघ्याला विचारायची, मग पाय उचलायची. एकदा भाऱ्यासकट कालव्यात गेली. तळ्यापलीकडच्या सारेथनं तिला ओढून काढलं.

"आजी, तुम्ही गवत कापता का गवत तुम्हाला कापतंय?"

"हस, हस मेल्या. मला काढलंस तसा भाराही काढ आधी. ती उपाशी आहे."

हा सारेथ म्हणजे सहा फुटी राबता माणूस. त्याचंही नाव संस्थेच्या यादीत होतं, पण पुढं काट मारली, कारण त्याच्या घरावर पत्रा. पत्र्याचं छप्पर असलेला माणूस गरीब नसतो, असा नियम. पत्रा कर्जाचा होता, पण ते छपरावर लिहिलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी यिम आजी ओली साडी... चुकले, आमच्याकडं साडी नसते, सारोंग. तर ओला सारोंग पिळत म्हणाली, "सारेथ, घेऊन जा हिला. अर्धलीनं राख."

ही आमच्याकडची जुनी रीत. गाय असून अंगात बळ नसलं, तर बळ असलेल्याच्या गोठ्यात बांधायची. गाय एकाची, राखण दुसऱ्याची. पहिलं वासरू राखणाऱ्याचं, दुसरं मालकाचं, मग पुन्हा तसंच. कागद नाही, साक्षीदार नाही. आजवर असा शब्द कुणी मोडल्याचं मी ऐकलेलं नाही. मोडला तर पुढच्या लावणीला शेतात कुणी येणार नाही, हे सगळ्यांना माहीत.

सारेथची बायको फाली तेवढी चाचरली. "आजी, पण ही संस्थेची गाय ना? त्यांना चालेल?"

"गाय देणाऱ्याला गाय सुखात हवी असते," यिम आजी म्हणाली. "आणखी काय हवं असणार?"

मी सुखात होते, हे मला शपथेवर सांगता येईल. सारेथ पहाटे गवत आणायचा, फाली गोठ्यात धूर करायची, माझ्यासाठी जुनी मच्छरदाणीसुद्धा शिवली होती तिनं. शेण दोन्ही घरांत वाटून जायचं. संध्याकाळी यिम आजी काठी टेकत यायची, माझ्या गळ्याखाली खाजवायची आणि फालीकडं भात जेवून जायची. दोन घरं एका गाईभोवती बांधली गेली होती. मी भरले, माजावर आले, गाभण राहिले. पावतीवर लिहिलं होतं ते माझ्या अंगावर यायला दोन पावसाळे लागले.

मग माझी कालवड झाली.

आता मी काय सांगू? आई झाल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. ती झोपली की मी हुंगून बघायची, श्वास चालू आहे ना. उठली की वाटायचं, एवढी का उडतेय, पाय मोडेल. पीत नसली की काळजी, फार प्यायली की त्याची काळजी. शेजारच्या गाईची तीन वासरं झालेली, ती निवांत डोळे मिटून पडायची. मला वाटायचं, हिला जमतं ते मला का जमत नाही? आमच्याकडं गाईचं दूध माणसं काढत नाहीत. ते वासराचंच. त्यामुळं सगळी जबाबदारी माझ्या एकटीच्या कासेवर.

पण एक गाठ होती. शब्दानं कालवड सारेथची आणि नियमानं संस्थेची.

"त्यात काय एवढं?" यिम आजी म्हणाली. "ही सारेथला. पुढची माझ्या वाट्याची, ती मी संस्थेला देते. दोन्ही शब्द राहिले. गाय काय कुठं पळून जाते?"

मला तर हे चोख वाटलं. पण माझं मत कोण विचारतंय.

कालवड तीन महिन्यांची झाली तेव्हा विराक मोटारसायकलवरून घामाघूम होऊन आला. परदेशातल्या देणगीदारांनी संस्थेला जाब विचारला होता. आम्ही एवढे पैसे देतो, ते गरिबाच्या दारापर्यंत पोचतात का? त्यासाठी राजधानीतून एक बाई तपासायला येणार होती. गाय जागेवर आहे का, बिल्ला जुळतो का, नियम पाळतात का, सगळं बघून ती गुण देणार. गुण कमी पडले तर पुढचे पैसे बंद.

"आजी, एक दिवस गाय तुमच्या घराखाली दिसली पाहिजे. तुमच्या पाया पडतो."

"अरे पण सगळ्या गावाला माहितीये ती सारेथकडं असते."

"गावाला माहीत असून चालत नाही हो. फाईलला माहीत पाहिजे."

"आणि वासरू?" सारेथनं विचारलं.

विराकनं कपाळ पुसलं. "वासराची अजून कुठंच नोंद नाही. दिसलं तर लगेच पुढच्या यादीवर चढेल. ते लांब ठेवा."

वाईट माणूस नव्हता तो. त्याची नोकरी आणि चाळीस घरांच्या गाई त्या एका दिवसाला टांगलेल्या होत्या. यिम आजीला हा लपाछपीचा प्रकार रुचला नाही, पण पोरगा रडकुंडीला आलेला बघून ती "बरं" म्हणाली.

सकाळी सारेथनं मला तळ्यात धुतलं आणि यिम आजीच्या घराखाली आणून बांधलं. कालवडीला फाली शेतावरच्या खोपटात घेऊन गेली, हाक पोचणार नाही इतक्या लांब. मी हाक मारून पाहिली. पोचली नाही.

पांढरी गाडी आली तेव्हा कास दगडासारखी झाली होती. फाली तोवर परत आली होती. गाडीकडं बघत ती शेजारणीला म्हणाली, "या गाडीच्या एका चाकात किती गाई येतील गं?"

"चाकात कशाला, नुसत्या त्या आरशात आपली दोघींची घरं येतात की!"

उतरलेली बाई म्हणजे कुंथिया. अगदी तरुण, डोळ्यांखाली काळं. उतरली तीच फोनवर बोलत. "आई, कोमट करून दे, गार नको. रडला तर पंख्याखाली ने. किती प्यायला? एवढंच?" फोन ठेवला आणि चेहरा बदलून कागद काढले. मी तिच्याकडं बघतच राहिले. काळजी करणारं कुणी दुसरं दिसलं की मला जरा बरं वाटतं.

तिचं काम नीट होतं. बिल्ला बघितला, जुळला. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग पावतीची प्रत काढली.

"आजी, संस्थेनं दिली तेव्हा गाय कशी होती?"

"कशी म्हणजे? पोरगेली. हाडं आणि कातडं. उभी राहिली की सावलीसुद्धा पडायची नाही."

"इथं तर पूर्ण वाढलेली, गाभण असं लिहिलंय."

विराकचं तोंड उतरलं. खरेदी त्याच्याकडं नव्हती, पण खरेदीवाला त्याच्या वरचा होता. "प्रवासात वाळली असेल," तो पुटपुटला.

"गाभणपण वाळलं होय रे?" यिम आजीनं विचारलं.

सगळे हसले. कुंथियाही हसली, पण तिनं पावती उलटसुलट करून पाहिली. अंगठा होता, शिक्का होता, सही होती. म्हातारीचं म्हणणं विरुद्ध शिक्का. मग तिनं तिथं खूण केली आणि पान उलटलं. मी तिथंच, तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. व्यापाऱ्याचं सगळं बोलणं माझ्या कानांत होतं, आणि त्याच कानात बिल्ला. मी मान हलवली. तिला वाटलं माशी बसली.

पुढचे प्रश्न चालू असतानाच माझ्या सडांतून दूध गळायला लागलं. मी आवरायचा प्रयत्न केला, पण ते काही आपल्या हातात नसतं. ठिपके धुळीत पडत होते. कुंथिया बोलता बोलता थांबली. तिनं माझ्या कासेकडं पाहिलं आणि नकळत स्वतःची ओढणी छातीशी दाबून धरली. तिच्याही सदऱ्यावर ओल आली होती.

"आजी," ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "हिचं वासरू कुठाय?"

तपासणीचा प्रश्न नव्हता तो. कागदावर असा प्रश्नच नव्हता. एका आईनं तो विचारला होता, आणि मला वाटलं, चला, कुणीतरी विचारलं एकदाचं. आता सोडतील मला.

मग विराक म्हणाला, "मेलं ते. ताप आला होता."

यिम आजीची काठी दाणकन जमिनीवर आपटली. "जीभ आवर! जित्या वासराला मेलं म्हणतोस? आपण बोललेलं ऐकणारे असतात आजूबाजूला. उद्या खरं झालं म्हणजे?" आणि तिनं जिन्याजवळच्या देवळीतल्या भूदेवतेकडं बघून तीनदा हात जोडले. "जितं आहे हो ते. जितं आहे, धडधाकट आहे. सारेथच्या खोपटात आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. गुडघे, कालवा, अर्धली, दोन्ही शब्द कसे राहणार, सगळं. भीत भीत नाही, चांगली अभिमानानं. "बाई, तुमच्या लोकांनी गाय एका घराला दिली, आम्ही तिच्यावर दोन घरं चालवली. लिहा हे. देणाऱ्यांना बरं वाटेल."

कुंथिया हसली. आणि हसता हसता तिचा चेहरा उतरत गेला.

"आजी, मला या कागदावर दोनच घरं आहेत भरायला. गाय घरी आहे, किंवा गाय घरी नाही."

"मग तिसरं आखा की बाई. पेन्सिल आहे ना तुमच्याकडं?"

सारेथ कालवडीला घेऊन आला. ती धावत माझ्या पोटाखाली घुसली, ढुशा मारमारून प्यायली. कुंथिया बघत उभी होती. फोन वाजत होता तिचा, तो तिनं उचलला नाही.

"मी सगळं लिहिते," जाताना ती म्हणाली. "तुमची बाजू पूर्ण लिहिते."

"लिहा बाई," विराक गाडीचं दार धरून कडवट हसला. "पण वाचणारे शेवटचा आकडा वाचतात."

पुढं पुराचं पाणी ओसरायला लागलं तेव्हा मालमोटार आली. विराक खाली मान घालून उभा. संस्थेला एकूण गुण चांगले पडले होते, पैसे चालू राहिले. फक्त एका ठिकाणी नियमभंग सापडला, आणि सापडल्यावर संस्था काय करते, तेही देणगीदारांना दाखवायचं होतं. म्हणून गाय परत घ्यायची, कालवड यादीतल्या पुढच्याला द्यायची. खरेदीविषयी काही शेरा नव्हता. पावत्या चोख होत्या.

"बाईंनी दोन पानं तुमच्या बाजूनं लिहिलीत आजी," विराक म्हणाला. "शेवटी जोडलीत ती."

यिम आजी बराच वेळ माझ्या गळ्याखाली खाजवत राहिली. "मी गप्प बसले असते तर?"

"तर गाय राहिली असती."

"पण मग वासरू मेलेलं राहिलं असतं ना रे." तिनं मान हलवली. "नाही. ते नाही जमायचं."

फाली भांडली. सारेथला म्हणाली, "अंगात एवढं बळ आहे ना तुमच्या? मग अडवा की!" सारेथनं फळी लावली आणि मला वर चढवलं. मला दुसऱ्या कुणी ओढलेलं त्याला बघवलं नसतं, हे मला कळत होतं. कालवडीला त्यानं उचलूनच ठेवलं, माझ्या शेजारी. ती गाडीत पडू नये म्हणून सगळी वाट मी तिला अंगानं टेकवून धरलं. मला वाटलं, एवढं तरी आपल्याला जमतंय. मग एका फाट्यावर गाडी थांबली आणि तिला उतरवून घेतलं. तिथं बायकामाणसं होती, मांडव होता, कुणीतरी फोटो काढत होतं. तिनं मागं वळून हाक मारली. मी ओ दिली. गाडीचा आवाज मोठा होता.

आता मी तिसऱ्या गावात आहे. घरवाले भले आहेत, नवराबायको दोघंही. नियम अगदी काटेकोर पाळतात. आधी काय झालं ते त्यांना बजावून सांगितलंय, त्यामुळं मला घराखालून ते हलवतच नाहीत. चरायला नेलं आणि नेमकं तेव्हाच कुणी बघायला आलं तर? त्यांच्याकडं गवत कमी आहे, पेंढ्यावर भागतं. बरगड्या पुन्हा वर येताहेत. पाहुणे येतात, बिल्ला बघतात, गाय जागेवर आहे म्हणून खूण करतात आणि माझ्याबरोबर फोटो काढतात. संस्थेचा कारभार सुधारला त्याचा मी पुरावा आहे, असं मी माझ्यासमोरच ऐकलंय. यिम आजीचं काय झालं, ती संध्याकाळी कुणाशी बोलते, ते इथं कुणाला विचारायचं?

आणि मी पुन्हा गाभण आहे.

घरातली बाई रोज माझ्या पोटावरून हात फिरवते. चांगली आहे बिचारी. काल तिनं नवऱ्याला विचारलं, "कालवड झाली तर ती ठेवता येईल का हो आपल्याला?"

"नाही गं. पहिली संस्थेला. तसं कागदावर आहे."

पहिली नाही हो, मला ओरडून सांगायचं होतं. पण या घरचा कागद नवा आहे. त्यावर मी अजून एकदाही व्यायलेली नाही. उद्या घर बदललं की पुन्हा नवा कागद, आणि पुन्हा पहिलीच.

मला वासरू चांगलं वाढवता आलं असतं की नाही, देव जाणे. मी फार घाबरट आई आहे. पण तुमच्यापैकी कुणी कधी गाय मोजायला निघालात, तर एवढं करा. मोजून झाल्यावर लगेच निघू नका. थोडं थांबा, म्हाताऱ्या माणसाला बोलू द्या, आणि गाय कुणीकडं बघतेय ते बघा. तुमच्या हाती काही असेलच असं नाही. कुंथियाच्या तरी कुठं होतं?

बरं, येते. आत लाथा बसताहेत. याला बाहेर यायची फार घाई झालीय, आणि याला थांब म्हणणं मला जमत नाही.